पिचिंग शिकवताना आधी पाय

नागपुरात बेसबॉलचं पिचिंग, म्हणजे बॅटरकडे बॉल फेकणं, शिकायला येणारं जवळपास प्रत्येक पोरगं आधी क्रिकेट खेळलेलं असतं. रेशीमबागेत, कस्तुरचंद पार्कवर, नाहीतर घरासमोरच्या गल्लीत टेनिस बॉलवर. उमेश यादवला पाहत वाढलेली ही पोरं. हातात बॉल दिला की पोट्टा दहा पावलं मागे जातो आणि कोपर ताठ ठेवून धावत येतो. हे सगळं आधी मोडून काढावं लागेल असं नव्या प्रशिक्षकाला वाटतं. आमच्या मते मोडायचं काहीच नसतं. त्याची बॉलिंग बाजूला ठेवायची आणि थ्रो पाहायचा. डीपमधून विकेटकीपरकडे जो थ्रो तो करतो, त्यात पिचिंगचं निम्मं काम आधीच झालेलं असतं: शरीर आडवं वळतं, कोपर वाकतं, उलट्या बाजूचा पाय पुढे पडतो. दगड मारून कैऱ्या पाडणारं पोरगं तर हे कोणी न शिकवताच करतं. २००८ साली पिचर शोधणाऱ्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडले गेलेले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेकीतून आले होते, बॉलिंगमधून नव्हे. त्याचं कारणही हेच आहे.

म्हणून पहिल्या दिवशी माउंड (पिचर उभा राहतो तो उंचवटा) नाही, होम प्लेट (बॅटरसमोरची, बॉल जिच्यावरून जायला हवा ती पाटी) नाही. दोघादोघांच्या जोड्या, मध्ये १५ मीटर अंतर, आणि साधे थ्रो. आम्ही बाजूला उभे राहून तीनच गोष्टी पाहतो. फेकताना उजव्या हाताच्या मुलाचा डावा पाय पुढे येतो का, पाय टेकतो तेव्हा कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत आलेलं असतं का, आणि बॉल सुटल्यावर हात पुढे वाहत जातो की मधेच थांबतो. ज्या बाजूचा हात त्याच बाजूचा पाय पुढे टाकणारी मुलं प्रत्येक तुकडीत एखाद-दोन निघतात. त्यांना वेगळं काढून फक्त पाऊल आणि थ्रो एवढंच द्यावं लागतं. बाकीच्यांच्या गतीने त्यांना ओढू नये.

बॉलबद्दल दोन शब्द. क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा. म्हणजे बेसबॉल हलका आहे, पण परिघाने थोडा मोठा: २२.९ ते २३.५ सेंटिमीटर. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात तो मावत नाही, घसरतो, मग पोरगं तळहातात दाबून धरतं आणि बॉल फेकण्याऐवजी ढकलतं. त्यामुळे लहान हाताला दोनऐवजी तीन बोटं वर ठेवायला द्यावीत आणि सुरुवातीला मऊ बॉल वापरावा. पकड शिकवायची ती एकच, फोर-सीम. शिवणीची नाल असते ती आडवी धरायची, तर्जनी आणि मधलं बोट तिच्यावर आडवं, दोघांत अर्ध्या बोटाचं अंतर, अंगठा बरोबर खाली, आणि तळहात व बॉल यांच्यामध्ये एक बोट जाईल एवढी फट. पकड सैल आहे की घट्ट, हे तपासायला मुलाच्या हातातला बॉल दुसऱ्या हाताने ओढून पाहायचा. सहज निघाला पाहिजे. बॉल घट्ट धरला की मनगट आखडतं, मनगट आखडलं की कोपर आखडतं. शिवणीला फक्त बोटांची पेरं लागायला हवीत. बॉल सरळ मागच्या बाजूने फिरत जातो का हे पाहायला शिवणीवर जाड मार्करने एक पट्टा काढावा. पट्टा डगमगताना दिसला तर बोटं बॉलच्या मागे नसून बाजूला आहेत.

डावखुऱ्या मुलांच्या ग्लोव्हची मात्र आधीच सोय करा. शाळेच्या किटमधले ग्लोव्ह बहुतेक डाव्या हातात घालायचे, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे असतात. डावखुरं पोरगं तोच ग्लोव्ह उलटा चढवून खेळतं आणि झेल घ्यायला घाबरू लागतं.

आता मुख्य मुद्दा. पुढचा पाय टेकल्यापासून बॉल हातातून सुटेपर्यंत साधारण ०.१५ सेकंद जातात. मोठ्या पिचरचा खांदा त्या वेळात सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास वेगाने फिरतो. एवढ्या वेळात कोणीही विचार करून कोपर वर घेऊ शकत नाही. ‘कोपर वर, मनगट झटक, हात जोरात आण’ अशा सूचना मैदानावर सतत ऐकू येतात, पण त्या ज्या क्षणासाठी असतात तो क्षण मुलाच्या ताब्यातच नसतो. त्याच्या ताब्यात असतं ते पाय टेकेपर्यंतचं. त्यामुळे आमची जवळपास सगळी शिकवणी पाय टेकण्याच्या आधीची असते, आणि पिच, म्हणजे बॅटरसाठीचा बॉल, टाकताना आम्ही बॉलकडे न पाहता पायाकडे पाहतो. बॉल कुठे गेला ते प्लेटमागे बसलेला कॅचर सांगतोच.

क्रम मात्र आम्ही शेवटाकडून सुरू करतो. आधी तीन मीटरवरून नुसतं मनगट आणि बोटं: कोपर समोर धरायचं आणि बॉल जोडीदाराच्या छातीकडे फिरवून सोडायचा, दहा वेळा. मग सहा-सात मीटरवर एक गुडघा टेकून. उजव्या हाताच्या मुलाचा उजवा गुडघा जमिनीवर, डावं पाऊल समोर, कंबर आणि छाती आडवी वळवून पुन्हा समोर आणायची. इथे पाय बांधले गेल्यामुळे वरचं शरीर काय करतंय ते स्वच्छ दिसतं. त्यानंतर उभं राहून, पाय आधीच पुढे-मागे फाकवून, वजन मागे-पुढे झुलवत, दहा मीटरवरून. मग एक पाऊल टाकून. पाय उचलून पूर्ण हालचाल सगळ्यांत शेवटी. प्रत्येक टप्प्यावर मूल दहापैकी सात बॉल जोडीदाराच्या छातीच्या चौकोनात टाकू लागलं की पुढे न्यायचं. कोणी आठवड्यात पोचतो, कोणाला महिना लागतो. टॉवेल हातात धरून हालचाल करवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. आम्ही ती फार वापरत नाही. टॉवेल हातातून सुटत नाही, त्यामुळे बॉल सोडण्याची वेळ त्यातून शिकता येत नाही.

पूर्ण हालचाल आम्ही स्ट्रेचमधूनच, म्हणजे आडवं उभं राहून थांबा घेतलेल्या स्थितीतूनच, शिकवतो. मोठा वाइंड-अप, म्हणजे पिचची लांब तयारी, टीव्हीवर छान दिसतो, पण त्यात हलणारे भाग जास्त. शिवाय बेसवर, म्हणजे धाव घेताना थांबायच्या ठिकाणी, रनर आला की शेवटी स्ट्रेचमध्येच यावं लागतं. मागच्या पायाची बाहेरची कड पिचिंग रबरला (पिचरच्या जागेवरच्या आडव्या पट्टीला) टेकून, शरीर आडवं, दोन्ही हात ग्लोव्हमध्ये छातीपाशी एकत्र आणि पूर्ण थांबा. हा थांबा खरा झाला नाही तर सामन्यात बॉक (पिचरचा नियमभंग) दिला जातो आणि रनर एक बेस पुढे जातो, म्हणून पहिल्या दिवसापासून मनात ‘एक’ म्हणायची सवय लावायची. मग पुढचा गुडघा कंबरेपर्यंत वर. काही प्रशिक्षक मुलांना इथे एका पायावर गोठवतात. तोल समजावा म्हणून दोन-चार दिवस ते ठीक आहे, पण त्याची सवय लागली की पुढे जाण्याची गती मरते आणि ती भरून काढायला पोरगं हाताने जोर लावतं. गुडघा खाली येऊ लागला की कंबरेची पुढची बाजू होम प्लेटकडे निघालीच पाहिजे. खांदे अजून मागेच. गुडघा उतरतो त्याच वेळी हात वेगळे होतात. बॉलचा हात खाली, मागे आणि वर असा फिरतो, बोटं बॉलच्या वरच्या बाजूला. ग्लोव्हचा हात पुढे.

पाय टेकतो त्या क्षणाचं चित्र प्रत्येक मुलाच्या डोक्यात पक्कं बसायला हवं. दोन्ही कोपरं खांद्यांच्या रेषेत, बॉल वर, बॉल मागे शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसमधल्या खेळाडूकडे, वळलेला (डावखुऱ्याचा सेकंड बेसमनकडे), पाऊल पूर्ण टेकलेलं, पुढचा गुडघा थोडा वाकलेला, पायाचं बोट लक्ष्याकडे पण किंचित आत वळलेलं, डोकं दोन्ही पायांच्या मध्ये. या स्थितीत मुलाला मुद्दाम थांबवून, मोबाईलवर बाजूने फोटो काढून दाखवावा. मूल स्वतःचा फोटो पाहून जेवढं दुरुस्त होतं तेवढं दहा सूचनांनी होत नाही. यानंतरचं शरीर आपोआप करतं: छाती ग्लोव्हकडे जाते, ग्लोव्ह छातीशी थांबतो, हात पुढे येऊन विरुद्ध गुडघ्याच्या बाहेरून खाली जातो, पाठ जवळपास आडवी होते. हात मधेच आवरला तर वेग थांबवण्याचा सगळा भार खांद्याच्या मागच्या छोट्या स्नायूंवर पडतो, म्हणून शेवटची ही वाहती हालचाल अर्धवट सोडू द्यायची नाही.

पाऊल मोजायला फक्की हवी. रबरच्या मध्यापासून होम प्लेटच्या मध्यापर्यंत फक्कीची सरळ रेघ आखा आणि मुलाला तिच्यावरून पिच टाकायला सांगा. टाकून झाल्यावर पायाचा ठसा पाहा. ठसा रेघेवर किंवा तिच्यापासून चार-पाच सेंटिमीटर आत, म्हणजे उजव्या हाताच्या पिचरसाठी थर्ड बेसच्या बाजूला असेल तर उत्तम. पावलाची लांबी सुरुवातीला उंचीच्या ७५ ते ८५ टक्के. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला १०५ ते १२० सेंटिमीटर, म्हणजे त्याच्याच बुटाच्या सुमारे पाच लांबी. मूल स्वतः बूट लावून मोजू शकतं, टेप शोधत बसायला नको.

सेंटिमीटरचा एवढा हट्ट का, त्याचं गणित सोपं आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेचं पिचिंगचं अंतर ४६ फूट, १४.०२ मीटर. एवढ्या अंतरावर दिशा एक अंश चुकली की बॉल साधारण २४ सेंटिमीटर सरकतो. होम प्लेट ४३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेएकवीस. मध्यावर नेम धरलेला बॉल एका अंशाच्या चुकीने प्लेटच्या कडेवर जातो, आणखी थोडं चुकलं की बाहेर.

चुका कुठे दिसतात आणि कुठे असतात, यावरच प्रशिक्षकाचा खरा कस लागतो. उजव्या हाताच्या मुलाचा बॉल पुन्हा पुन्हा वर आणि उजवीकडे जातोय. कोपर खाली पडतंय असं दिसतं, आणि ते पडतही असतं. पण फक्कीवर पाहिलं तर डावा पाय फर्स्ट बेसच्या बाजूला पडलेला. पाय उघडा पडला की कंबर लवकर वळते, छाती लवकर वळते, हात मागे राहतो आणि फरफटत येतो. पाय रेघेवर आणला की काही दिवसांत कोपर बहुतेक वेळा आपणच वर येतं. उलट पाय फारच आत पडला तर कंबर अडते, शरीराला स्वतःच्याच पायावरून वळावं लागतं आणि सगळी ओढ खांद्यावर येते. बॉल नुसता वर जात असेल, दिशा बरोबर असेल, तर बहुधा पाऊल लांब पडलंय: शरीर पुढच्या पायावर चढत नाही, मागेच झुकलेलं राहतं आणि बॉल लवकर सुटतो. पाऊल बुटाच्या अर्ध्या लांबीने कमी करून पाहायचं. बॉल प्लेटच्या आधीच मातीत आपटत असेल तर पुढचा गुडघा पाहा; तो टेकल्यावर आणखी वाकत, खचत जातो. पुढचा पाय टेकल्यावर सरळ होत घट्ट रोवला गेला तरच खालचा जोर वर पोचतो. भालाफेक शिकलेल्या मुलांचा हा पाय पहिल्या दिवसापासून सुंदर असतो. आणि डोकं ग्लोव्हच्या बाजूला झटकणारा मुलगा असेल तर त्याला डोकं सरळ ठेव म्हणून काही होत नाही. त्याचा ग्लोव्ह पाठीमागे उडत असतो आणि डोकं त्याच्यासोबत जातं. ग्लोव्ह छातीशी थांबवा.

एका वेळी एकच दुरुस्ती. पायाचं सांगितलं असेल तर त्या दिवशी बॉल कुठेही जावो, पायावरच बोलायचं. बाजूला उभे असलेले वडील ‘अरे स्ट्राइक टाक ना’ (म्हणजे प्लेटवरून, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात) म्हणून ओरडले की मूल पाय विसरून हाताने नेम धरू लागतं. पालकांना हे आधीच समजावून ठेवावं लागतं.

नेमासाठी दोन बांबू आणि सुतळी पुरते. बांबू प्लेटच्या रुंदीवर रोवून एक सुतळी गुडघ्याच्या, एक छातीच्या उंचीवर बांधा. कॅचर मागे बसेल तर पूर्ण किट घालूनच: मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड, कप. सरावात मास्कशिवाय बसू देणं ही सवय मैदानावर सर्रास दिसते आणि ती धोक्याची आहे.

माउंड सर्वांत शेवटी. लहान मुलांचा माउंड ६ इंच, मोठ्यांचा १० इंच उंच. रबरच्या सहा इंच पुढून उतार सुरू होतो, दर फुटाला एक इंच. आपल्याकडची काळी माती एकटी वापरली तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात बुटाला गोळा होऊन चिकटते. खाली मुरमाचा थर ठोकून वर मुरूम आणि काळी माती एकत्र कालवून, पाणी मारून, धुमसून घ्यावी. पाय टेकण्याच्या जागी रोज खड्डा पडतो आणि तो रोज भरला नाही तर प्रत्येक मुलाचं पाऊल त्या खड्ड्यातच ओढलं जातं, मग फक्कीची सगळी मेहनत वाया. उतारावर पाऊल आपोआप थोडं लांब पडतं, त्यामुळे पहिल्या दिवशी बॉल वर जाणारच. घाबरू नये.

आता मोजणी. याबाबत आम्ही कोणाचंही ऐकत नाही, स्पर्धा कितीही मोठी असो. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली ‘पिच स्मार्ट’ म्हणून ज्या मर्यादा दिल्या, त्या आमच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेल्या असतात. दिवसाला जास्तीत जास्त पिच: ७-८ वर्षांना ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. चौदा वर्षांपर्यंत विश्रांती अशी: २० पर्यंत पिच टाकल्या तर दुसऱ्या दिवशी चालेल, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ आणि वर गेलं की चार दिवस. ही कमाल मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. नव्या मुलाला आम्ही सरावात २५ च्या वर जाऊ देत नाही. मोजायला एक पोरगं वही घेऊन बसतं, प्रत्येक पिचला एक रेघ, पाचवी आडवी.

नागपुरात एक खास अडचण आहे. सकाळी ४० पिच टाकलेलं पोरगं संध्याकाळी क्रिकेटच्या नेटमध्ये पाच ओव्हर टाकतं. हालचाल वेगळी असली तरी खांदा तोच. म्हणून रोज विचारायचं, काल कुठे काय टाकलं, आणि ते बॉलही वहीत लिहायचे. पिचर आणि कॅचर दोन्ही कामं एकाच मुलाला एकाच दिवशी द्यायची नाहीत, कारण कॅचर जवळपास तेवढेच थ्रो करतो.

याचं कारण हाडात आहे. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या टेंगळाशी आणि खांद्याजवळ हाडाचा वाढीचा मऊ भाग असतो, स्नायू आणि लिगामेंटपेक्षा कमजोर. मोठ्या माणसाचं लिगामेंट दुखावतं, तिथे मुलाचं वाढीचं हाडच ओढलं जातं. ‘सर, हात दुखून राहिला’ असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न: बोट ठेवून दाखव. दंडाच्या मागे तळवा फिरवून ‘असं सगळीकडे’ म्हणाला तर ती स्नायूंची थकवट, एक-दोन दिवसांत जाते. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्यावर नेमकं एक बोट ठेवलं तर त्या क्षणापासून थ्रो बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. मलम चोळून, गोळी देऊन सामना खेळवायचा नाही. मुलं दुखणं लपवतात, म्हणून थकव्याच्या खुणाही पाहाव्या लागतात: बॉल वर जाऊ लागतात, दोन पिचमधला वेळ वाढतो, पोरगं टोपी काढतं, बूट बांधतं, खांदा फिरवून पाहतं. वहीत आकडा कमी असला तरी तेव्हा काढून घ्यावं.

वर्षातले चार महिने पिचिंग पूर्ण बंद ठेवावं अशी पिच स्मार्टची शिफारस आहे, आणि आपला पाऊस ती सोय करूनच देतो. जून ते सप्टेंबर काळ्या मातीचं मैदान तसंही चिखलाचं. त्या काळात फुटबॉल, धावणं, पोटाचे आणि पायांचे व्यायाम. ओला चामड्याचा बॉल पाणी पिऊन जड होतो, तो तर अजिबात फेकू देऊ नये. शिबिरं मात्र सुट्ट्यांमुळे मे महिन्यात येतात, पारा ४५ वर असताना. तेव्हा सकाळी सहा ते साडेसात एवढंच मैदान, दर पंधरा मिनिटांनी पाणी, पिच कमी आणि सावलीत पायांचं काम जास्त. घामाने बॉल सुटतो म्हणून रोझिनची, म्हणजे राळेच्या भुकटीची, पिशवी हाताशी ठेवावी. खरी पिचिंगची शिकवणी दिवाळीनंतरची.

फास्टबॉलचा, म्हणजे फोर-सीमच्या वेगवान बॉलचा, नेम बसला की चेंजअप, म्हणजे तशाच हालचालीतून येणारा हळू बॉल. बॉल बोटांत खोलवर, तीन बोटं वर, आणि हात फास्टबॉलच्याच वेगाने. बॉल हळू टाकायला हात हळू करणं ही इथली नेहमीची चूक. लेग-स्पिन टाकणारी मुलं ती हमखास करतात. हळूपणा पकडीतून यावा. कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा बॉल, मागायला मुलं रोज येतात, मनगट वळवून दाखवतातही. हे दोन बॉल हुकमी येईपर्यंत आणि वय साधारण चौदा होईपर्यंत आम्ही तो शिकवत नाही.

मोठ्या गटात गेलं की अंतर वाढतं. लिटल लीगमध्ये ४६ फुटांनंतर ५० फूट, १५.२४ मीटर, आणि पुढे पूर्ण अंतर ६० फूट ६ इंच, १८.४४ मीटर. ४६ वरून थेट पूर्ण अंतरावर नेलेलं पोरगं पहिल्याच दिवशी बॉल उचलून फेकू लागतं: मागे झुकतं, पाऊल लांबवतं, कोपर पडतं. म्हणजे वर्षभर बसवलेलं सगळं सुटतं. अंतर दोन-दोन फुटांनी वाढवावं, प्रत्येक वाढीनंतर फक्कीवर ठसा तपासावा, आणि ठसा हलला की दोन फूट मागे यावं. पिच एका टप्प्याने कॅचरपर्यंत गेली तरी चालेल, पाऊल बदललेलं चालणार नाही.